रूळ कंपनीचे, संपत्ती अध्यक्षांची

संगणकावरील खेळांची चर्चा वृत्तपत्रांतून होते ती बहुधा मुलांचे डोळे, वाया जाणारा वेळ आणि उडालेले अभ्यासावरचे लक्ष एवढ्यापुरतीच. त्या चर्चेत तथ्य नाही असे नाही. परंतु या खेळांत एक जात अशी आहे, की जिच्याकडे वाणिज्य व अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनी आतापर्यंत केले त्याहून अधिक लक्ष द्यावयास हवे होते. आगगाडीची कंपनी काढून ती चालविण्याचा खेळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९९० साली अमेरिकेतील 'मायक्रोप्रोज' या संस्थेने सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला 'रेलरोड टायकून' हा खेळ बाजारात आणला. १९९८ मध्ये 'पॉपटॉप' या संस्थेची, फिल स्टाइनमायर यांनी घडविलेली दुसरी आवृत्ती आली, आणि २००३ मध्ये तिसरी. आज हे खेळ जुने झाले आहेत. त्यांतील चित्रे नव्या पिढीला ओबडधोबड वाटतील. तरीही ते आवडीने खेळणारे लोक अजून आहेत, आणि त्यांचे एक ठाम मत असे, की या खेळात श्रीमंत व्हावयाचे असेल तर गाड्यांकडे फार वेळ पाहत बसू नये.

हे मत प्रथमदर्शनी विचित्र वाटते. खेळाच्या पडद्यावर दिसतो तो नकाशा. त्यावर रूळ टाकावयाचे, स्थानके बांधावयाची, खाणीतला कोळसा पोलादाच्या कारखान्याकडे न्यावयाचा, उतारू आणि टपाल शहराशहरांतून फिरवावयाचे, जुनी इंजिने मोडीत काढून नवी घ्यावयाची. नवशिका खेळाडू यातच रमतो. कोणत्या घाटात चढ कमी आहे, कोणत्या मार्गावर परतीची गाडी रिकामी येते, याचा हिशेब करता करता त्याची दहावीस वर्षे (अर्थात खेळातली) निघून जातात. कंपनी चांगली नफ्यात येते. आणि मग त्याच्या ध्यानात येते, की डाव जिंकण्यासाठी घातलेली अट कंपनीच्या नफ्याची नसून त्याच्या स्वतःच्या मालमत्तेची होती, आणि ती मालमत्ता तर जवळजवळ होती तेथेच आहे!

दुसऱ्या आवृत्तीचे खरे वैशिष्ट्य हेच. तीत दोन थैल्या आहेत. एक कंपनीची व दुसरी तिच्या अध्यक्षाची, म्हणजे खेळाडूची. कंपनीच्या थैलीत वाहतुकीचे उत्पन्न पडते. तिच्यातून रूळ, इंजिने, पगार व कर्जरोख्यांवरील व्याज जाते. अध्यक्षाच्या थैलीत पडतो तो त्याचा पगार आणि त्याच्या नावावरील शेअरांचा लाभांश. कंपनीच्या पैशाला अध्यक्षाने थेट हात लावावयाचा नाही, हा नियम खेळातही आहे. परंतु कंपनीने कर्जरोखे काढावेत की नाहीत, नवे शेअर विकावेत की जुने परत घ्यावेत, लाभांश किती द्यावा, हे सारे ठरविणारा मात्र तोच. शिवाय त्याला स्वतःच्या शेअरांच्या तारणावर उसने घेऊन आणखी शेअर घेता येतात, हाती नसलेले शेअर विकून मंदीचा व्यवहारही करता येतो. वैयक्तिक संपत्ती उभारण्याची सारी विद्या या दोन थैल्यांमधील चोरवाटेत आहे.

ती विद्या एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कंपनीचे एक लाख शेअर आहेत, भाव ४० डॉलर आहे आणि वार्षिक नफा चार लाख डॉलर, म्हणजे शेअरमागे चार डॉलर आहे. बाजार नफ्याच्या दहापट भाव देतो. अध्यक्षापाशी तीस हजार शेअर आहेत. त्याची मालमत्ता बारा लाख. आता तो कंपनीकडून आठ टक्के व्याजाचे आठ लाखांचे कर्जरोखे काढवितो आणि त्या पैशात बाजारातील वीस हजार शेअर कंपनीला परत घ्यावयास लावतो. उरले ऐंशी हजार शेअर. व्याजाचे चौसष्ट हजार वजा जाता नफा ३ लाख ३६ हजारांवर आला, पण शेअरमागे तो ४ डॉलर २० सेंट झाला. भाव ४२ वर गेला. अध्यक्षाचा वाटा तीस टक्क्यांवरून साडेसदतीस टक्के झाला आणि मालमत्ता साठ हजारांनी वाढली. यात त्याने पदरचा एक पैसा घातलेला नाही. रुळांची लांबी एका फुटाने वाढलेली नाही. कोळशाचा एक डबाही अधिक वाहिला गेलेला नाही.

मुरलेला खेळाडू एवढ्यावर थांबत नाही. कंपनी शेअर परत घेणार, हा निर्णय त्याचाच असल्यामुळे तो त्याला सर्वांआधी ठाऊक असतो. म्हणून तो आदल्या दिवशी आपल्या शेअरांच्या तारणावर सहा लाख उसने घेऊन आणखी पंधरा हजार शेअर ४० च्या भावाने स्वतःसाठी घेतो. मग कंपनीची फेरखरेदी होते. आता ऐंशी हजारांपैकी पंचेचाळीस हजार शेअर, म्हणजे निम्म्याहून अधिक कंपनी, त्याची आहे; कर्ज वजा जाता मालमत्ता बारा लाख नव्वद हजार. त्यानंतर तो लाभांश वाढवितो, कारण उसन्या पैशावरचे व्याज भागवावयाचे आहे आणि ते भागविण्याची सोपी वाट कंपनीच्या तिजोरीतून जाते. नवे शेअर विकावयाची वेळ आली आणि भाव पडणार असे दिसले, तर आपले काही शेअर तो आधीच विकून मोकळा होतो. कंपनीतून पुरेसे काढून झाले, की तिचा राजीनामा देऊन नवी कंपनी काढण्याची सोयही आहे. या सर्व कृतींत पाहण्याजोगा आहे तो त्यांचा क्रम. आधी स्वतःचा व्यवहार, मागून कंपनीचा. उलट क्रमाने केल्यास लाभ पुष्कळच कमी होतो.

याच ठिकाणी या खेळाचे मोल कळते. पाठ्यपुस्तकांत 'उद्योजक' या एका शब्दाखाली कंपनी, तिचे मालक आणि तिचे चालक हे तिघेही कोंबलेले असतात. उद्योजक जोखीम घेतो, म्हणून त्याला नफा मिळतो, असे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत उतरवितो. जोखीम नेमकी कोणाची, नफा नेमका कोणाचा, आणि जो निर्णय घेतो त्याचे हित या दोहोंपैकी कोणाबरोबर बांधलेले आहे, हे प्रश्न त्याला पडतच नाहीत. खेळातील दोन थैल्या हे प्रश्न त्याच्यापुढे आकड्यांत मांडतात. अॅडॅम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांविषयी नेमकी हीच शंका व्यक्त केली होती: दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक तो स्वतःच्या पैशाइतक्या डोळ्यांत तेल घालून सांभाळतील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. वर्गात तासभर खपूनही जे पटविणे जड जाते, ते या खेळाच्या एका डावात पटते.

आता त्याच उदाहरणाची दुसरी बाजू. खेळात अर्थव्यवस्था तेजीतून मंदीत आणि मंदीतून तेजीत फिरत असते. समजा, मंदी आली आणि वाहतुकीचा नफा निम्म्यावर, म्हणजे दोन लाखांवर आला. कंपनीने कर्ज काढले नसते, तर शेअरमागे दोन डॉलर नफा राहिला असता, भाव २० झाला असता आणि अध्यक्षाचे तीस हजार शेअर सहा लाखांचे राहिले असते. मालमत्ता निम्मी झाली, पण आपली राहिली. कर्ज काढलेल्या कंपनीचे मात्र व्याजाचे चौसष्ट हजार चुकत नाहीत. शेअरमागे नफा १ डॉलर ७० सेंट, भाव १७. पंचेचाळीस हजार शेअरांची किंमत ७ लाख ६५ हजार, त्यातून सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज वजा केल्यास हाती उरले १ लाख ६५ हजार. आणि तारणाच्या निम्म्याहून अधिक उसने राहू द्यावयाचे नाही असा सावकाराचा दंडक धरला, तर त्याला सुमारे साडेपंचवीस हजार शेअर तत्क्षणी विकणे भाग आहे. तेही भाव १७ वरच टिकला तर! एवढे शेअर एकदम बाजारात आल्यावर तो टिकत नाही, आणि भाव पडला की आणखी शेअर विकावे लागतात. निम्म्याहून अधिक कंपनीचा मालक चतुर्थांशाचाही धनी उरत नाही.

नव्वद हजारांच्या लाभासाठी सव्वादहा लाखांहून अधिक गमावण्याची ही तयारी म्हणावी लागेल. कर्जावर कर्ज रचण्यातला धोका हाच, की कंपनीचे कर्ज आणि अध्यक्षाचे कर्ज ही दोन स्वतंत्र कर्जे कागदावर दिसतात, पण त्या दोहोंचा आधार एकच असतो. तो ढळला की दोन्ही एकाच दिवशी कोसळतात. म्हणून अनुभवी खेळाडू मंदीच्या तोंडाशी उसने फेडून टाकतात, कंपनीपाशी रोकड राखतात, आणि इतरांची पडझड झाली की स्वस्तात शेअर गोळा करतात. ही सावधगिरी त्या विद्येचा दुसरा आणि अधिक कठीण भाग होय. तेजीत पैसा मिळविणे पुष्कळांना जमते. मंदी येईपर्यंत हात आखडून बसणे फार थोड्यांना.

हे सारे खेळ रचणाऱ्यांच्या सुपीक डोक्यातून निघाले असे कोणी समजू नये. दुसऱ्या आवृत्तीत खेळाडूसमोर जे प्रतिस्पर्धी उभे राहतात, त्यांत व्हँडरबिल्ट आणि जे गुल्ड ही नावे आहेत, आणि ती शोभेसाठी घातलेली नाहीत. १८६८ साली न्यूयॉर्कच्या बाजारात कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी 'ईरी' रेल्वेचे शेअर खरेदी करून ती कंपनी ताब्यात घेण्याचा घाट घातला. तिचे संचालक डॅनियल ड्रू, जे गुल्ड आणि जेम्स फिस्क यांनी त्यावर साधा तोड काढला. कंपनीचे कर्जरोखे काढावयाचे, त्यांचे शेअरांत रूपांतर करावयाचे आणि ते नवे शेअर बाजारात ओतावयाचे. व्हँडरबिल्ट घेत गेले, शेअर संपता संपेनात! अटकेची वेळ आली तेव्हा संचालक मंडळी रोकड घेऊन नदीपलीकडे जर्सी सिटीत जाऊन बसली आणि पुढे न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने त्यांचे कृत्य कायदेशीर ठरविले. ते कोणत्या मार्गाने ठरविले गेले, यावर त्या काळच्या अमेरिकेत कोणाला फारसा संशय नव्हता. ईरीची गाडी या सर्व काळात धावतच होती. तिच्या रुळांची अवस्था मात्र वाईट होती, कारण त्यांच्याकडे पाहण्यास वेळ कोणाला होता?

'युनियन पॅसिफिक'ची कथा तर खेळाच्याही पुढची आहे. १८६९ च्या मे महिन्यात अमेरिकेचे दोन किनारे जोडणारा लोहमार्ग पुरा झाला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तो बांधण्याचे कंत्राट 'क्रेडिट मोबिलिए' नावाच्या ज्या संस्थेकडे होते, तिचे सूत्रधार स्वतः रेल्वेच्याच कारभारातले होते, हे १८७२ साली वृत्तपत्राने उघडकीस आणले. एका हाताने कंत्राट द्यावयाचे, दुसऱ्या हाताने घ्यावयाचे, बिले फुगवावयाची आणि रेल्वे कंपनीला कर्जात ठेवावयाचे. तोंडे बंद राहावीत म्हणून काँग्रेसच्या सभासदांना स्वस्तात शेअर वाटले गेले होते. पुढल्याच वर्षी, १८ सप्टेंबर १८७३ रोजी, 'नॉर्दर्न पॅसिफिक'च्या रोख्यांत अडकलेली जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिकेत दीर्घ मंदी सुरू झाली. स्वतःलाच कंत्राट देण्याची सोय खेळात नाही. त्या दृष्टीने खेळ इतिहासाहून सोज्वळ आहे.

येथल्या वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या कंपनीने धावती केली, ती 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' हीदेखील भागभांडवलाचीच कंपनी होती. मग तिच्यात असा एखादा गुल्ड का निपजला नाही? उत्तर त्या कंपनीशी १८४९ साली झालेल्या करारात आहे. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतलेली होती, आणि नफा कमी पडल्यास ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघत असे. जेथे बुडण्याची भीती नाही, तेथे सट्ट्याचीही गरज नाही. लंडनमधील भागधारकाने स्वस्थ बसून व्याज घ्यावे. रूळ महाग पडले काय किंवा स्वस्त पडले काय, त्याचे काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते येथल्या करदात्याचे. पेशाने शिक्षक असलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून रेल्वेच्या या अर्थकारणाची जी चिकित्सा केली, ती वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात क्वचितच येते, ही खेदाची गोष्ट आहे. तात्पर्य, अमेरिकेत जोखीम लहान भागधारकाच्या गळ्यात पडली, येथे रयतेच्या. दोन्हीकडे ती निर्णय घेणाऱ्याच्या गळ्यात पडली नाही.

त्या अनुभवातूनच पुढे कायदे झाले, आणि खेळातील प्रत्येक युक्तीसमोर आज एकेक कलम उभे आहे. शेअरांची फेरखरेदी भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याखाली जवळजवळ निषिद्धच होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती खुली झाली. २०१३ च्या कायद्याने तिला भरणा झालेले भांडवल व मुक्त गंगाजळी यांच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि फेरखरेदीनंतर कंपनीचे कर्ज भांडवल व गंगाजळीच्या दुपटीहून अधिक होता कामा नये अशी अट आहे. अध्यक्षाने आदल्या दिवशी स्वतःसाठी शेअर घेण्याचा जो डाव वर सांगितला, त्याला तर सरळ अंतःस्थ माहितीवरील व्यवहार म्हणतात. 'सेबी'चे त्याविषयीचे पहिले नियम १९९२ चे व सध्याचे २०१५ चे आहेत. खेळात ज्या कृतीला सुवर्णपदक मिळते, तिच्यासाठी दलाल स्ट्रीटवर दंड आहे आणि प्रसंगी तुरुंगवासही. कायदा असून ही कृत्ये होतच नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु ती अपराध मानली जातात, एवढा फरक दीडशे वर्षांत पडला आहे आणि तो लहान नाही.

एका बाबतीत मात्र कायदा कोणाला वाचवू शकत नाही. ती बाब म्हणजे उसन्या बळावर केलेला सट्टा. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांत तिशीच्या आतील लोकांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्या वयात विद्यार्थी पदवी घेऊन पहिल्या नोकरीस लागतो, त्याच वयात तो हे व्यवहार करीत आहे, आणि तेही हातातल्या फोनवर, खेळासारख्याच दिसणाऱ्या रंगीत पडद्यावर. थोड्या अनामत रकमेवर मोठ्या किमतीचा सौदा करता येतो, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. भाव उलटला की काय होते, याचे गणित त्याने एकदाही कागदावर मांडलेले नसते.

यासाठी या खेळांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. किंबहुना हे गणित न मांडता जो खेळेल, तो पहिल्याच मंदीत बुडेल अशी खेळाची रचना आहे. दोष असलाच तर दोन गोष्टींत आहे. एक, बुडालेला डाव पुन्हा उघडता येतो. मंदी येण्यापूर्वीची स्थिती जपून ठेवलेली असते. ती काढावयाची आणि यावेळी उसने थोडे कमी घ्यावयाचे. तिसऱ्या प्रयत्नात मिळालेले यश खेळाडूला आपल्या चातुर्याचे फळ वाटू लागते, आणि आधीचे दोन डाव तो विसरतो. ज्या कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम अशी घालविली, त्याला मागचा डाव उघडता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. अध्यक्षाला शेअर विकणारे आणि त्याच्याकडून घेणारे जे इतर भागधारक, ते खेळात केवळ एक आकडा म्हणून राहतात. फेरखरेदीच्या आदल्या दिवशी ज्याने ४० डॉलरला शेअर विकला त्याला काय वाटले, कंपनी मोकळी करून अध्यक्ष निघून गेल्यावर ज्याच्या हाती तिचे शेअर उरले त्याचे काय झाले, याचा हिशेब कोठेही दाखविला जात नाही.

तो हिशेब ठेवणे मुळीच कठीण नाही. वाणिज्य महाविद्यालयांतून नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाने 'अनुभवाधारित शिक्षणा'चे बरेच तास वेळापत्रकात आले आहेत, आणि त्यांत काय शिकवावे हे पुष्कळ ठिकाणी शिकविणाऱ्यांनाही उमगलेले नाही. प्रश्नपत्रिका, माहितीपट, एखाद्या कारखान्याची सहल, एवढ्यावर ते तास कसेबसे भरतात. तेथे हा खेळ खुशाल खेळू द्यावा. डाव जपून ठेवण्याची सोय बंद करावी, आणि प्रत्येक गटाकडून वहीत दोन रकाने भरून घ्यावेत. पहिल्यात अध्यक्षाची मालमत्ता वर्षावर्षाला लिहावी. दुसऱ्यात, कंपनी निघाली त्या दिवशी ज्याने शंभर शेअर घेतले आणि अखेरपर्यंत विकले नाहीत, अशा एका सामान्य भागधारकाला लाभांशासह काय मिळाले ते लिहावे. गुण द्यावयाचे ते दुसऱ्या रकान्यावर. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी कुरकुर करतील. बहुतेक गटांचा दुसरा रकाना पहिल्याच्या मानाने फारच केविलवाणा निघेल. तिसऱ्या आठवड्यापर्यंत एखादा गट नकाशाकडे परत वळेल, आणि कोळशाच्या खाणीपासून बंदरापर्यंतचा चढ कमी करता येईल का ते पाहू लागेल.